मोटर फिरते, पण टाकीत पाणी चढत नाही : कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

हे सगळं घरगुती मोनोब्लॉक पंपाबद्दल आहे, म्हणजे आपण ज्याला नुसतं 'मोटर' म्हणतो त्याबद्दल. अर्धा किंवा एक हॉर्सपॉवर, सिंगल फेज, विहिरीच्या कठड्याजवळ किंवा जिन्याखाली बसवलेली. विहिरीतून नाहीतर खालच्या टाकीतून पाणी ओढायचं आणि गच्चीवरच्या टाकीत टाकायचं, एवढंच तिचं काम. बोअरमधल्या सबमर्सिबलला यातलं फार थोडं लागू पडतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. वाडीतल्या आणि आसपासच्या घरांतल्या अशा मोटरी बरीच वर्षं बघत आलोय. बोलावणं आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मोटर जळली वाटतं." बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. दोष तिच्या अलीकडे, पाणी ओढणाऱ्या पाइपात असतो. म्हणून मी आधी पाणी बघतो, मग हवा, मग वीज, आणि मोटर उघडायची वेळ आलीच तर सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन-चार गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

लक्षणं

आधी मोटर अर्धा मिनिट लावून नुसती ऐका.

- नेहमीसारखी किंवा जरा हलक्या, मोकळ्या आवाजात फिरते, पण पाणी अजिबात नाही : पाणी कमी आहे किंवा हवा धरली आहे.
- पाणी येतं, पण गच्चीवरच्या पाइपातून फुर्र फुर्र करत, मध्येच तुटत येतं : ओढणाऱ्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे.
- वरून पाणी भरलं की चालते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच : फूटव्हॉल्व्ह (ओढणाऱ्या पाइपाच्या बुडाची झडप) गळतो आहे.
- नुसती घुमते, फिरत नाही : कंडेन्सर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) गेला आहे किंवा पंप आतून जाम आहे. लगेच बंद करा. अशा अवस्थेत वाइंडिंगमधून, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळ्यांतून, कितीतरी जास्त करंट जातो आणि खरोखर जळायला फार वेळ लागत नाही.
- आवाजच नाही : वीज पोचत नाही.
- मोटर आणि पंप यांच्या मधल्या फटीतून थेंब थेंब पाणी : शाफ्टजवळ पाणी अडवणारं सील गेलं आहे.
- लावल्याबरोबर किंवा थोड्या वेळाने एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडतो : याला दोन-तीन कारणं असतात, पुढे सांगतो.

पाणी येत नसताना मोटर तशीच चालू ठेवून "येईल आता" म्हणत वाट बघू नका. आतलं सील पाण्याने थंड राहतं. कोरडी चाललेली मोटर काही मिनिटांत ते सील खाते, आणि फुकटात सुटणारी अडचण खर्चाची होऊन बसते.

पाणी आहे का, आणि किती खाली आहे

खालच्या टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारा. फूटव्हॉल्व्ह पाण्यात पूर्ण बुडलेला हवा, वर निदान हातभर पाणी हवं. तेवढं नसेल तर पाण्यात भोवरा होतो आणि त्यातून हवा ओढली जाते.

विहीर असेल तर मोजूनच बघा. दोरीला दगड बांधून सोडा आणि मोटरच्या मध्यापासून पाण्याच्या पातळीपर्यंतचं उभं अंतर मोजा. मोटर पाणी ओढते असं आपण म्हणतो, पण ती फक्त पाइपातली हवा कमी करते. पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर उचलू शकतो, तोही कागदावर. पाइपातलं घर्षण, वळणं, पंपाची झीज हे सगळं वजा जाता घरगुती मोटरला ६ ते ७ मीटरच्या पुढे भरवसा नाही. उंचावर तर आणखी कमी : महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, कागदावरची मर्यादाच पावणेनऊ मीटर होते.

आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात. जांभ्यातल्या विहिरी पावसाळ्यात काठोकाठ आणि मेमध्ये तळाला. पावसात दीड मीटरवरून पाणी उचलणारी मोटर मेमध्ये आठ मीटरवरून उचलणार नाही. त्यात तिचा काही दोष नाही, आणि नवी, जास्त हॉर्सपॉवरची मोटर घेतली तरी तीही उचलणार नाही. हॉर्सपॉवर पाणी वर फेकायला उपयोगी पडते, खालून ओढण्याची मर्यादा हवेचा दाब ठरवतो. इथे मुख्य उपाय दोन : मोटर विहिरीच्या आत ओट्यावर खाली बसवणं, किंवा पाण्यात बुडणारा पंप घेणं. एवढं समजून न घेता लोकांनी दीड हॉर्सपॉवरच्या मोटरी आणून बसवलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं.

गच्चीवर एक फेरी मारा

वरच्या टाकीकडे जाणाऱ्या पाइपावर कॉक असेल तर तो पूर्ण उघडा आहे ना बघा. टाकी धुताना कोणीतरी तो बंद करतं आणि उघडायचं राहून जातं. टाकीत फ्लोट असलेला बॉलकॉक बसवला असेल तर तो वर अडकलेला नाही ना, हेही हाताने हलवून बघा.

ही तपासणी एमसीबी पडण्याशीही जोडलेली आहे. शेतावरच्या मोठ्या सेंट्रिफ्युगल पंपाचा कॉक बंद केला तर मोटरवरचा भार कमी होतो. घरातल्या या लहान पंपांमध्ये बहुधा पितळी, कडेला बारीक दाते असलेला इम्पेलर (पाणी फेकणारं चक्र) असतो, आणि त्यांचं नेमकं उलटं आहे : पुढची वाट बंद झाली की भार वाढतो, मोटर तापते आणि एमसीबी पडतो. अर्धवट बंद कॉकमुळे एमसीबी बदलून घेतलेली घरं आहेत.

व्होल्टेज

फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा दिसत असेल तर तो बघा. बऱ्याच नव्या डिजिटल मीटरवरही व्होल्टेज फिरतं दिसतं. २३०च्या आसपास हवं. संध्याकाळी ते १८०वर आलं तर मोटरचा सुरू होण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे जवळपास चाळीस टक्क्यांनी. सकाळी चालणारी मोटर संध्याकाळी नुसती घुमत असेल तर आधी हाच संशय घ्या आणि पहाटे लावून बघा. पहाटे चालली तर मोटरला हात लावायचं कारण नाही.

पाणी भरा आणि बघत राहा

ही माझ्या मते सगळ्यात उपयोगी तपासणी. बहुतेक जण ती अर्धीच करतात. पाणी ओततात, बोल्ट लावतात, मोटर चालू करतात. खरी माहिती मिळते ती ओतल्यानंतर थांबल्यावर.

मेन स्विच बंद करा. पंपाच्या डोक्यावर एक बोल्ट असतो, तो पान्याने उघडा आणि तिथून नरसाळ्याने पाणी ओता. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, पुन्हा ओता. सक्शनचा, म्हणजे पाणी ओढणारा, पाइप लांब असेल तर दोन-तीन बादल्याही लागतात. पाणी तोंडाशी काठोकाठ आलं की दहा मिनिटं थांबा.

पातळी हलली नाही तर फूटव्हॉल्व्ह चांगला आहे. बोल्ट लावा आणि मोटर चालू करा. अडकलेली हवा निघून गेली असेल तर काम झालं.

पातळी हळूहळू उतरत असेल तर पाइपावरून हात फिरवत खाली जा. बोल्ट उघडा आणि पाइप भरलेला असताना पाण्याचा दाब आतून बाहेर असतो, त्यामुळे जिथे जोड कच्चा आहे तिथे ओल दिसते. पाइप बाहेरून कोरडा आणि पाणी तरी उतरतंय, म्हणजे ते फूटव्हॉल्व्हमधून जातंय.

पंपावर 'सेल्फ प्रायमिंग' असं छापलेलं असतं, म्हणून पाणी भरावंच लागत नाही अशी समजूत आहे. तसं नाही. पंपाच्या पोटात पाणी असेल तरच तो पाइपातली हवा बाहेर काढू शकतो. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी. कोरडा इम्पेलर तिला नुसता घुसळतो.

फूटव्हॉल्व्ह

पाइपाच्या बुडाशी जाळीचं भांडं असतं आणि त्यात एकाच बाजूने उघडणारी झडप. झडपेखाली एखादा खडा, शेवाळाचा गुंता, चिंचेचा पाला किंवा प्लॅस्टिकचा कपटा अडकला की ती पूर्ण मिटत नाही आणि रात्रभरात पाइप रिकामा होतो.

पाइप लवचिक असेल तर नवीन आणण्याआधी तो दोरीने फूटभर वर उचलून पाण्यात दोन-चार वेळा झटक्याने सोडा. पुष्कळदा कचरा निघून जातो. नाही निघाला तर पाइप वर काढून जाळी घासा आणि झडपेचा रबरी किंवा चामडी वायसर बोटाने दाबून बघा. कडक झाला असेल, कडेला खाच पडली असेल तर नवीन फूटव्हॉल्व्ह बसवा. मोटरच्या तुलनेत त्याची किंमत किरकोळ आहे. माप पाइपाएवढंच घ्या. दुकानात एक इंची नाही म्हणून पाऊण इंची कमी करून बसवून देतात, ते घेऊ नका. ओढण्याच्या बाजूला जागा अरुंद केली की मोटरची उचल कमी होते. बसवताना तो तळापासून वीतभर वर राहू द्या, नाहीतर गाळ ओढेल.

पाइप विहिरीत ताठ बसवलेला असेल आणि काढायला आत उतरावं लागणार असेल, तर तुम्ही उतरू नका.

सक्शनच्या जोडातली हवा

हे सापडायला अवघड, कारण मोटर चालू असताना इथे पाणी गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. शहाळ्याची नळी बारीक चिरलेली असली की कितीही ओढा, पाणी तोंडात येत नाही, तसंच.

भांड्यांच्या साबणाचा दाट फेस करून मोटर चालू असताना प्रत्येक जोडावर लावा : युनियन (आटा फिरवून उघडता येणारा जोड), एल्बो, पंपाच्या तोंडावरचा आटा. जिथे फेस आत ओढला जाऊन छिद्र पडतं, तिथे दोष. सगळ्यात संशयित ती युनियन. तिच्यातली रबरी रिंग उन्हाने कडक होते. एका घरी मोटर सकाळी चालायची आणि दुपारी हवा धरायची. बाकी सगळं बदलून झालं होतं. पाइपावर दुपारचं ऊन यायचं, पाइप जरा वाढायचा आणि युनियन केसभर उघडायची. नवी रिंग घातली, पाइपाला क्लिप ठोकून आधार दिला, पुढे त्रास नाही.

आट्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळताना पाइप ज्या दिशेने फिरवून घट्ट करायचा त्याच दिशेने गुंडाळा, नाहीतर आटा फिरवताना टेप सुटून येते. पीव्हीसीचा चिकटवलेला जोड चिरला असेल तर तो कापून नवीन घाला. वरून एम-सील लावणं हे पाहुणे घरी असताना करायचं काम, कायमचं नाही.

आणि पाइपाचा चढ बघा. विहिरीपासून मोटरकडे तो सतत चढता हवा. मध्ये उंचवटा करून पुन्हा खाली आणला असेल तर त्या उंचवट्यात हवा साठून बसते आणि कितीही पाणी भरलं तरी अडचण परत येते.

मोटर घुमते, फिरत नाही

आता विजेच्या बाजूला येतोय. इथून पुढे प्रत्येक वेळी प्लग काढायचा किंवा मेन स्विच बंद करायचा. नुसतं मोटरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. जुन्या घरांत ते बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. मग बटण बंद असूनही मोटरमध्ये फेज असतो.

मागचं पंख्याचं झाकण काढा आणि पंखा हाताने फिरवा. मोकळा फिरला तर कंडेन्सर बघायचा. फिरलाच नाही तर पंप जाम आहे.

जाम होणं हा बंद घरांचा आजार. मुंबईचे चाकरमानी मेमध्ये घर बंद करून जातात आणि गणपतीला येऊन बटण दाबतात. मधल्या काळात पंपाच्या पोटातलं पाणी क्षार आणि गंज सोडतं, आणि या पंपांत इम्पेलर आणि भिंत यांच्यातली फट इतकी बारीक की तेवढ्याने तो चिकटतो. बऱ्याच मोटरींच्या शाफ्टला मागच्या टोकाला खाच असते. तिच्यात मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून थोडं इकडे, थोडं तिकडे असं हलवा. पोटात पाणी भरून तासभर मुरू दिलं तर लवकर सुटतो. जोर करून पंख्याची पाती धरून ओढू नका, प्लॅस्टिकची असतात, तुटतात.

वीज चालू ठेवून काठीने पंख्याला धक्का देण्याची पद्धत सगळीकडे आहे. ती सोडा. हाताला इजा होतेच, शिवाय कंडेन्सर गेलेली मोटर ज्या बाजूला धक्का द्याल त्या बाजूला फिरते. उलटी फिरली की पाणी येत नाही आणि निदान भलतीकडेच जातं.

कंडेन्सर बदलणं सोपं आहे, पण वीज बंद केल्यावरही त्याच्यात चार्ज राहू शकतो. होल्डरला दोन वायर लावलेला साधा पिवळा बल्ब त्याच्या दोन टोकांना काही सेकंद टेकवा, मग हात लावा. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. नवीन घेताना जुन्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा आणि व्होल्टेज जसंच्या तसं घ्या. अर्ध्या हॉर्सपॉवरला बहुधा १०, एक हॉर्सपॉवरला २०-२५ असतो, पण अंदाजाने नको, तुमच्या मोटरच्या पाटीवर बघा. "जास्त एमएफडीचा (म्हणजे मायक्रोफॅरडचा) टाका, जोरात चालेल" असं दुकानात सांगतात. तसं केल्याने वाइंडिंग जास्त तापतं.

कंडेन्सरच्या डबीचं झाकण उघडलंच आहे तर आत बघून घ्या. मेलेली पाल, मुंग्यांची माती, काळी पडलेली लग (वायरच्या टोकाची पट्टी). मोटर पूर्ण गप्प असते तेव्हा पुष्कळदा कारण हेच असतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

मोटरच्या अंगाला किंवा ओल्या पाइपाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी मेन बंद करा. टेस्टर, कोरडी चप्पल, लाकडाचा पाट, यातलं काहीही वापरून पुढे जाऊ नका. अर्थिंग आणि वाइंडिंग दोन्ही तपासायला लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन हवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घरात नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या. पाण्याजवळच्या मोटरसाठी यापेक्षा महत्त्वाचा खर्च दुसरा नाही.

जळका वास आला, लावल्याबरोबर एमसीबी पडतो आणि पंप हाताने मोकळा फिरतो, किंवा कंडेन्सर बदलूनही घुमतेच, तर वाइंडिंगचं काम आहे. मोटर सोडवून रिवाइंडिंगवाल्याकडे न्या.

शाफ्टजवळून पाणी गळत असेल तर सील बदलायला पंप पूर्ण उघडावा लागतो. कार्बन आणि सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासत राहतात, त्यांना बोटाचं तेलकट लागलं किंवा बसवताना तिरप्या बसल्या तर नवीन सीलही गळतं. हे काम मेकॅनिककडून करून घ्या, पण लांबवू नका. तेच पाणी आधी बेअरिंगमध्ये आणि मग वाइंडिंगमध्ये जातं.

पुरात बुडालेली मोटर वरून वाळलेली दिसली तरी लावायची नाही. जुलै २०२१ला चिपळूणमध्ये पाणी ओसरल्यावर घराघरांत हाच प्रश्न होता. ती उघडून, वाळवून, इन्सुलेशन तपासूनच चालू करायची असते.

आणि जमिनीखालची टाकी किंवा विहीर. फूटव्हॉल्व्ह काढायला म्हणून आत उतरायचं नाही, घरातल्या पोराला उतरवायचं नाही. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो आणि तो कमी आहे हे आत उतरणाऱ्याला कळत नाही; शुद्ध हरपते, आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. टाकी साफ करणारी, दोर आणि साधनं असलेली माणसं बोलवा.

अजून एक. मोटर नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नळाला थेट जोडलेली असेल तर ती दुरुस्त करू नका, तिथून काढून टाका. नळाला पाणी कमी आलं की ती लायनीत पोकळी करते आणि फुटक्या जागेतून गटाराचं पाणी ओढून घेते, तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरात. खालच्या टाकीत पाणी आपोआप पडू द्या आणि मोटर तिथून चालवा.

मेकॅनिकला फोन करताना पाटीवरची हॉर्सपॉवर, ॲम्पिअर आणि कंडेन्सरचे आकडे, दोरीने मोजलेली पाण्याची खोली आणि दहा मिनिटांत पातळी उतरली की नाही हे सांगा. येतानाच तो योग्य सामान घेऊन येईल. घर महिनोन्महिने बंद ठेवणार असाल तर जाताना पंपाच्या बुडाचा बोल्ट काढून आतलं पाणी सोडून द्या, आणि परत आल्यावर बटण दाबण्याआधी पंखा एकदा हाताने फिरवून, पाणी भरून घ्या.